बाहेर बसून चित्रं आणि घरात एचिंग: नागपुरात दोन्ही जमतं का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, हिंगण्याच्या एका कंपनीत नोकरी, दर रविवारी सकाळी फुटाळा तलावावर जलरंगात काम. मध्यंतरी एका प्रदर्शनात एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खाऊ देऊन, त्यांत शाई भरून कागदावर छापलेलं चित्र) पाहिलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. दोन्ही करावं की एकच काहीतरी धरावं? दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ॲसिड ठेवता येईल का, घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. आणि नोकरी सोडून यावर पोट भरेल का?

मी नागपूरच्या महाल भागात राहते. वाड्याच्या मागच्या पडवीत माझा छपाईचा प्रेस आहे. थंडीत बाहेर रंगवायचं आणि उरलेलं वर्ष प्लेटा करायच्या, असं एकतीस वर्षं चाललं आहे. तीन प्रश्नांपैकी पहिल्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तो सुटला की बाकीचे बरेच हलके होतात.

दोन्ही करा. दोन्हींत डोकं एकच चालतं.

फुटाळ्यावर तुम्ही काय करता ते आठवा. पाण्यावरची चकाकी म्हणजे कोरा कागद. ती जागा ब्रश भिजवण्याआधीच ठरलेली असते. मग आभाळाचा आणि पाण्याचा फिका हात, तो वाळला की पलीकडच्या काठावरची झाडी, आणि सगळ्यात शेवटी अलीकडच्या टपरीखालचा, माणसांच्या पायाखालचा गडद. हा क्रम उलटा करून चालत नाही. गडद पडलं की पडलं.

आता ॲक्वाटिंट बघा, म्हणजे एचिंगमध्ये रेषेऐवजी सपाट करड्या छटा आणायची पद्धत. तांब्याच्या प्लेटवर राळेची बारीक पूड बसू द्यायची आणि प्लेट खालून तापवून ती चिकटवायची. पुडीच्या कणांमधल्या फटींतून फेरिक क्लोराइड तांबं खातं, तिथे खरखरीत पोत तयार होतो आणि तो शाई धरतो. जी जागा पांढरी हवी ती आधीच वॉर्निश लावून बंद करायची. मग प्लेट फेरिकमध्ये, तीस सेकंद. काढा, धुवा, वाळवा. सगळ्यात फिका करडा जिथे हवा तिथे वॉर्निश. परत आत, एक मिनिट. परत वॉर्निश. दोन मिनिटं, चार, आठ, सोळा. शेवटपर्यंत जे उघडं राहिलं ते छापल्यावर मखमलीसारखं काळं येतं. (हे आकडे माझ्या फेरिकचे, डिसेंबरातले. तुमचे तुम्हाला एका पट्टीवर चाचणी घेऊनच काढावे लागतील.) म्हणजे पांढऱ्याकडून काळ्याकडे जायचा रस्ता तोच; जलरंगात तुम्ही गडद लावत जाता, इथे फिकं झाकत जाता. ज्याने कागद कोरा सोडायला शिकून घेतलं त्याला ॲक्वाटिंट एका पावसाळ्यात येतं. एचिंग आधी शिकून जलरंग सोपा गेलेला माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही.

रेषेचंही तसंच आहे. प्लेटवर ग्राउंडचा, म्हणजे फेरिकला अडवणाऱ्या लेपाचा, पातळ थर असतो. मधमाशीचं मेण, राळ आणि ॲस्फाल्टम एकत्र वितळवून तो करतात. ॲस्फाल्टम म्हणजे डांबराचाच भाऊ, पण रस्त्यावरचं डांबर आणू नका, एकाने आणलं होतं. सुईने फक्त तो थर खरवडायचा, तांब्यावर जोर द्यायचा नाही. जवळची रेषा आणि लांबची रेषा सुईला सारखीच. फरक वेळेने पडतो. रामटेकला अंबाळा तलावाच्या काठी बसून केलेली माझी एक प्लेट आहे. तीत गडावरच्या देवळांना पाच मिनिटं दिली आणि वॉर्निशने बंद केली, मधल्या टेकडीला पंधरा, पायऱ्यांना आणि पाण्यात उतरलेल्या सावलीला चाळीस. देवळं हवेत विरघळल्यासारखी दिसतात ती सुईच्या कौशल्याने नाही, लवकर बाहेर काढल्यामुळे. काय लांब आहे आणि किती लांब आहे, हे ठरवायला डोळा लागतो, आणि तो बाहेर बसल्याशिवाय तयार होत नाही.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४३ सालचं तीन झाडांचं एचिंग मिळालं तर मोठं करून बघा. झाडं अलीकडे, काळी, ठाम. त्यांच्यामागे मैदान पसरत पसरत अगदी केसासारख्या रेषांत संपतं, आणि डाव्या कोपऱ्यात तिरक्या सरळ रेषांनी पावसाची सर ओढली आहे. एचिंग, ड्रायपॉइंट (ॲसिडशिवाय, सुईने थेट धातूवर ओरखडलेली रेषा) आणि कोरणीची रेषा, तिन्ही एका प्लेटवर आहेत. पण मला त्यात सगळ्यात जास्त दिसतो तो बाहेर उभा राहिलेला माणूस.

म्हणून माझा सल्ला असा की प्लेटच बाहेर न्या. बहुतेक जण बाहेर जलरंग करतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी येऊन फोटोवरून प्लेटवर ट्रेस करतात. असं केलेलं काम मला चार हातांवरून ओळखू येतं. फोटोत विजेच्या तारेला आणि कस्तुरचंद पार्कातल्या छत्रीच्या कमानीला सारखंच वजन असतं, मग प्लेटवरही तेच येतं. सगळं आहे आणि कशातच जीव नाही. उन्हात बसलं की सावली सरकते, तासा-दीड तासात प्रकाश वेगळा होतो, मांडी आखडते. तेवढ्यात जितक्या रेषा होतील तितक्याच होतात, आणि त्या नेमक्या लागणाऱ्याच असतात. घरी आल्यावर रेषा वाढवायचा मोह होतो. तो आवरा.

प्लेट बाहेर नेण्यात दोन अडचणी आहेत. दोन्ही मी स्वतः भोगल्या आहेत.

पहिली, उलटं. प्लेटवर काढलेलं छापल्यावर आरशातल्यासारखं उलटं येतं. हे पुस्तकात सगळे वाचतात आणि बाहेर बसल्यावर सगळे विसरतात. चितारओळीत एका ऑगस्टमध्ये मी अख्खी गल्ली प्लेटवर घेतली. ओल्या मातीचे गणपती, बांबूचे सांगाडे, दारात वाळत घातलेले हात. मूर्तिकाराच्या दुकानावरची पाटीही हौसेने सरळ अक्षरांत काढली. छापल्यावर गणपतींच्या सोंडा फिरल्या. डाव्या सोंडेचे सगळे उजव्या सोंडेचे झाले. प्रदर्शनात एक आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, इतके सिद्धिविनायक एका गल्लीत? सोवळं कोण पाळून राहिलं यांचं?" पाटी तर वाचताच येत नव्हती. तेव्हापासून प्लेटच्या मागे चिकटपट्टी लावून तिच्यावर मोठ्ठा बाण काढते आणि "उलटं" असं लिहून ठेवते.

जुनी युक्ती आरशाची आहे. देखाव्याकडे पाठ करून बसायचं, समोर आरसा टांगायचा आणि आरशात बघून काढायचं, म्हणजे छाप सरळ येतो. मी सोनेगावच्या तलावावर हे करून पाहिलं. फिरायला आलेल्या बायकांना वाटलं की बाई तलावाकडे पाठ करून पावडर-कुंकू करायला बसली आहे. अमेरिकन चित्रकार व्हिस्लरने व्हेनिसमध्ये ही भानगड ठेवलीच नाही. तो सरळ प्लेटवर काढत गेला आणि त्याच्या एचिंगमधलं व्हेनिस आहे ते उलटंच आहे. तळ्याच्या काठाला, झाडांना, गुरांना उलटं-सुलटं फार कळत नाही. पण सीताबर्डीचा किल्ला किंवा दीक्षाभूमीसमोरचा रस्ता नागपूरकराला उलटा दाखवलात तर तो तुमच्या रेषेकडे बघणारच नाही, फक्त काय चुकलं ते शोधेल. अशा जागी आधी कागदावर काढा आणि तो कागद उलटा करून उतरवा.

दुसरी अडचण ऊन. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, ते वर्ष. सकाळी सहा ते आठ गोरेवाड्याला बसून काम केलं, प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि वाटेत भाजी घ्यायला गोकुळपेठेत थांबले. घरी येऊन उघडलं तर ग्राउंड वितळून वर्तमानपत्राला चिकटलेलं. तलाव गेला, झाडं गेली, प्लेटवर कसली तरी जाहिरात उमटली होती. आता उन्हाळ्यात मेण कमी आणि राळ-ॲस्फाल्टम जास्त घालून कडक ग्राउंड करते. तेच ग्राउंड जानेवारीत वापरलं तर सुई लागताच टिकल्या उडतात, म्हणून थंडीत मेण वाढवते. आणि प्लेट उभी बसेल असा लाकडी डबा सुताराकडून करून घेतला आहे. तिच्या तोंडाला काहीच लागत नाही.

बाहेर प्लेटवर काम करताना सावली लागतेच, नुसतं डोक्याला ऊन लागू नये म्हणून नाही. ग्राउंड मेणबत्तीच्या धुराने काळं केलेलं असतं आणि रेषा तांब्याची चमकते. सावलीत ते फार सुंदर दिसतं, काळ्या साडीवरच्या जरीसारखं. थेट उन्हात मात्र ती चमक डोळ्यात जाते आणि आपण रेषा काढतोय की खरचटतोय ते कळत नाही. काळी छत्री घ्या. रंगीत छत्रीचा रंग जलरंगाच्या कागदावरही पडतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आपल्याकडचं वर्ष या कामासाठी कसं वाटून घ्यायचं, ते सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर. सकाळच्या धुक्यात कन्हानचा पूल, कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी, कामठी रोडवरची झाडं, सगळं दोन-तीन करड्यांत बसतं आणि ॲक्वाटिंटसाठी आयतंच मिळतं. संत्रा मार्केटला पहाटे जा. ढीग रंगवायच्या मोहात पडू नका, ढिगावर वाकलेली माणसं घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि सगळे केशरी ट्यूब पिळून बसतात. पळसाचं खरं रूप त्याच्या वेड्यावाकड्या काळ्या फांदीत आहे. तो रंगापेक्षा सुईला जास्त देतो, हे माझं मत, आणि त्यावर माझं पुष्कळ जणांशी भांडण झालं आहे.

एप्रिलपासून हवा इतकी कोरडी होते की ओल्यावर ओलं करायला जावं तर खालपर्यंत ब्रश येण्याआधी कागदाची वरची कड वाळलेली असते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवा आणि पाण्यात ग्लिसरिनचे तीन-चार थेंब टाका. पंधरा-वीस मिनिटं जास्त मिळतात. जास्त ग्लिसरिन टाकलंत तर चित्र कधी वाळतच नाही, बोट चिकटतं. साडेआठनंतर बाहेर थांबू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर नाहीच. उन्हाने डोकं दुखणं वेगळं आणि लागलेलं ऊन वेगळं. माझ्या वर्गातली एक मुलगी हट्टाने बसली आणि तिला सलाइन लावावं लागलं.

पावसाळ्यात जमीन काळी आणि वर सगळं हिरवं. ट्यूबमधला हिरवा तसाच लावलात तर चित्र शाळेच्या वहीचं होतं. निळा आणि पिवळा गेरू मिसळून हिरवा करा, त्यात थोडा बर्न्ट सिएना घाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक, काळी आणि पिवळी मारबत म्हणजे बाईचे भले मोठे पुतळे, त्यांच्यामागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. त्या गर्दीत रंग घेऊन बसता येत नाही. खिशात मावेल एवढी वही आणि पेन न्या. आदल्या आठवड्यात जिथे पुतळे बांधतात तिथे मात्र निवांत बसू देतात, चहाही देतात.

लोकांचं काय, असं नवीन माणसं नेहमी विचारतात. लोक येणारच. "काय करून राहिले?", "याचे किती भेटते?", "माहा फोटो काढा ना". मी उत्तर देते आणि हात चालू ठेवते. पाठ भिंतीला किंवा झाडाला लावून बसा, म्हणजे मागे घोळका होत नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. एरवी तो खालूनच काढा, फाटकासमोर वही उघडून बसू नका. बायकांसाठी एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते: जागा निवडताना प्रकाशाआधी जवळ स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा. अर्धी चांगली चित्रं त्यामुळे अपुरी राहतात.

आता बाल्कनी.

नायट्रिक ॲसिड घरात आणायचं नाही. त्यावर चर्चाच नको. आम्ही कॉलेजात नायट्रिकवर शिकलो, तांब्यावर पडलं की त्यातून तपकिरी वाफ निघते, ती छातीत जाते. तुमच्या घरी मूल आहे. सराफ्यात सोनारांकडे ते सहज दिसतं म्हणून ते साधं आहे असं समजू नका.

तांब्यासाठी फेरिक क्लोराइड. सर्किट बोर्ड बनवणारे वापरतात तेच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. विषारी वाफ नाही, पण चहाच्या रंगाचा डाग पडला की फरशीवरून जन्मात जात नाही, आणि स्टीलचं सिंक ते खातं. पूड मिळाली तर पूड पाण्यात थोडी थोडी टाका, पाणी पुडीवर ओतू नका. द्रावण चांगलंच तापतं. फेरिक तांबं खातं तेव्हा गाळ रेषेतच साचतो आणि पुढचं खाणं मंदावतं. म्हणून प्लेट तोंड खाली करून, कोपऱ्यांना आधार देऊन तरंगती ठेवतात. उन्हाळ्यात ते झपाट्याने खातं. जानेवारीत चाळीस मिनिटं घेणारी रेषा माझ्याकडे मेमध्ये वीसेक मिनिटांत होते. घड्याळावर विश्वास ठेवून झोपलात तर ग्राउंडखालून शिरून रेषेची गटारं होतात.

स्वस्तात सुरुवात करायची तर जस्ताची प्लेट आणि मोरचूद (कॉपर सल्फेट). हो, तेच मोरचूद जे काटोल-नरखेडचे संत्रावाले चुन्यात कालवून बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी वापरतात. कृषी सेवा केंद्रात मिळतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम साधं मीठ. जस्त विरघळतं आणि तांबं लालसर कापसासारखं सुटून वर येतं. ते मऊ ब्रशने सारखं झाडत राहायचं. निळा रंग उतरला की द्रावण संपलं. रेषा तांब्याइतकी नाजूक येत नाही, थोडी दाणेदार येते, पण शिकायला उत्तम. एक लक्षात ठेवा: फेरिक तांब्यालाच. जस्त किंवा ॲल्युमिनियम त्यात टाकलंत तर ते उकळल्यासारखं तापतं.

आणि यातलं काहीही बेसिनमध्ये ओतायचं नाही. तांबं माशांना विष आहे, आणि आपली नाग नदी आधीच पुरेशी सोसते आहे. वापरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका, फसफसणं थांबेपर्यंत. गाळ खाली बसतो. तो कापडातून गाळून वाळवा आणि बरणीत बंद करून नाव लिहून ठेवा. तीस वर्षांत माझ्याकडे अशा पुष्कळ बरण्या झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा ओळखीच्या एका कारखान्याच्या धोकादायक कचऱ्याबरोबर गेल्या.

राळेची पूड श्वासात जाऊ देऊ नका, चांगला मास्क लावा, आणि पूड हवेत असताना काडी पेटवू नका, ती भडकते. पूड बसताना पंखा बंद, कूलर बंद. मेमधल्या दुपारी कूलर बंद करून प्लेटवर वाकलं की काय होतं? कपाळावरचा घाम टपकतो. माझ्या एका प्लेटवर अंबाझरीच्या आभाळात तीन चंद्र आहेत. तीनही घामाचे. ती छापून विकलीही, कुणी विचारलं नाही.

तांबं इतवारीत भांडेवाल्यांकडे किलोवर मिळतं. पत्रा १८ ते २० गेजचा मागा. २० बाय १५ सेंटीमीटरची, ०.९ मिलीमीटर जाडीची प्लेट साधारण पाव किलो भरते, त्यावरून हिशेब करा. ओरखडे कमी असलेला तुकडा स्वतः उन्हात तिरका धरून निवडा. चारी कडा कानशीने उतरत्या करा, नाहीतर प्रेसमध्ये कागद कापतो आणि त्याहून महाग असलेलं फेल्टही (कागदावर अंथरायचं जाड लोकरी कापड) कापतं. चिंच-मीठ लावून घासा, मग खडूची पूड. पाणी प्लेटवरून एकसंध वाहिलं, थेंब थेंब झालं नाही, की तेल गेलं.

छपाईशिवाय हे सगळं व्यर्थ आहे, म्हणून तेवढं जवळून सांगते. प्लेट हलकी कोमट. शाई चामड्याच्या बोळ्याने रेषांत दाबायची, सगळी प्लेट काळी होते. मग जाळीच्या कडक मलमलीची गोळी करून गोल गोल पुसायचं, आधी जोराने, नंतर हात हलका करत. रेषेतली शाई राहिली पाहिजे आणि वरची गेली पाहिजे. शेवटचा हात तळव्याचा. तळव्याला किंचित खडू लावून बाहेरच्या दिशेने झटकन फिरवायचा. या शेवटच्या चार फटकाऱ्यांत आभाळ उजळतं नाहीतर मळकं राहतं, आणि हे शिकवता येत नाही, हात काळे करावे लागतात. कागद सुती, ३०० ग्रॅमचा, अर्धा तास भिजवून टिपलेला. मेमध्ये तो प्लेट पुसेपर्यंत सुकतो, म्हणून ओल्या वर्तमानपत्रांत घालून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. पावसाळ्यात तोच गठ्ठा दोन दिवस विसरलात तर बुरशी. कागद घडी केलेल्या कार्डाच्या चिमट्यात धरून ठेवायचा, काळं बोट लागलं की छाप गेला. फेल्ट अंथरायचं आणि चाक फिरवायचं. रसवंतीचा चरक पाहिला आहे ना, तसंच, फक्त दाब नेमका हवा. हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने माझा प्रेस बनवला तेव्हा तो शेवटपर्यंत विचारत होता, "मॅडम, रस कुठून निघणार?"

हात आणि प्लेट धुवायला घासलेट नको. स्वयंपाकाच्या तेलाने शाई सोडवा, मग भांड्याच्या साबणाने धुवा.

प्रेस विकत घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ठरलेल्या दिवशी जा, तासाचे पैसे द्या. चित्रकला महाविद्यालयांत शिकलेल्या मंडळींकडे चौकशी केली की प्रेस कुणाकडे आहे ते कळतं.

तिसरा प्रश्न. नोकरी सोडू नका.

व्हिस्लर १८७९ साली दिवाळखोर झाला, त्याच वर्षी लंडनच्या एका संस्थेने त्याला बारा प्लेटा करायला व्हेनिसला पाठवलं. तीन महिन्यांसाठी गेला, चौदा महिने राहिला आणि पन्नासच्या आसपास प्लेटा करून आला. आपल्याला कुणी चौदा महिने पोसणार नाही. माझं घर एचिंगवर एक वर्षही चाललं नाही. चाललं ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वर्गांवर. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आईबाप मुलांना पाठवतात, ऑगस्ट-सप्टेंबरात बॅचमागून बॅच. त्यानंतर जलरंग विकले जातात: कुणाला अमेरिकेतल्या मुलासाठी जुना वाडा हवा असतो, कुणाला निवृत्तीच्या समारंभाला रामटेकचा गड. एचिंग सगळ्यात शेवटी. नागपुरात घेणाराला समजवावं लागतं की ही झेरॉक्स नाही, प्रत्येक प्रत वेगळी पुसून छापलेली आहे. खाली पेन्सिलने डावीकडे ३/२० लिहितात म्हणजे विसांतली तिसरी, उजवीकडे सही. वीस म्हटलं की वीसच. एकविसावी काढली तर पहिल्या विसांना फसवलं.

बाहेरगावच्या एका गॅलरीने माझे सहा छाप दोन वर्षं ठेवून घेतले आणि परत पाठवले तेव्हा चारांवर पिवळे ठिपके पडले होते. पावती नव्हती, म्हणून काही बोलता आलं नाही. आता एकावेळी एका प्लेटचे दोनच छाप देते, क्रमांक लिहून, सही घेऊन.

सैयद हैदर रझा १९३९ ते ४३ इथेच, नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबईला गेले, मग पॅरिसला. हे नाव सांगून मला दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतो की नागपूर सोडावं का. जावंसं वाटत असेल तर जावं. मी राहिले, कारण मला इथली सकाळ काढायची होती.

आता तुमच्यासाठी. मुलगा तीन वर्षांचा आहे, तर फेरिक आणि मोरचूद दोन्ही तो शाळेत जायला लागेपर्यंत थांबवा. मोरचुदाचा रंग निळा, खडीसाखरेसारखे खडे, मुलाच्या तोंडात जायला एक क्षण पुरतो. तोवर ड्रायपॉइंट करा, त्याला कुठलंच द्रावण लागत नाही. दुधाचं किंवा ज्यूसचं टेट्रापॅक खोकं उकला, धुऊन वाळवा. आतल्या चंदेरी बाजूवर दाभणाने काढा, गडद हवं तिथे वरचा पापुद्रा ब्लेडने सोलून काढा, तिथे शाई धरते. चांगले आठ-दहा छाप निघतात, मग रेषा बसते. पैसे शून्य. येत्या रविवारी फुटाळ्यावर जलरंगाच्या पिशवीत असे दोन तुकडे आणि एक दाभण टाका. जलरंगाचा पहिला हात वाळतो तेवढ्या वेळात पलीकडच्या काठाची एकच ओळ त्याच्यावर काढून बघा. पाट्या टाळा.